शकुबाई मुलाखतीला निघते

७ नोव्हेंबर २०२४, गुरुवार. चिटगुप्प्याच्या बसस्टँडसमोर ईरण्णाच्या ऑनलाइन सेंटरमध्ये शकुबाईने एकशे अठरा रुपये दिले. चाळीस रुपये नातीच्या फोटोंचे, आठ रुपये झेरॉक्सचे आणि सत्तर रुपये अर्ज भरण्याचे. त्या बदल्यात तिला एक कागद मिळाला. कागदावर तिचा आणि नात मंजुश्रीचा फोटो होता, मध्ये कलबुर्गीच्या सेंट्रल जेलचं नाव होतं आणि खाली बालाजीचं. बालाजी म्हणजे शकुबाईचा मुलगा आणि मंजुश्रीचा बाप.

"आयितु बघा अव्वा," ईरण्णा म्हणाला. "मुलाकात बुक झाली. सोळा तारीख, शनिवार, साडेअकरा. कागद नीट ठेवा. भाकरीच्या डब्यात घालू नका."

"भाकरीच्या डब्यातच नीट ऱ्हातंय सगळं," शकुबाई म्हणाली. "रेशन कार्ड बी तिथंच हाय. वीस वर्सात उंदराला घावलं न्हाई."

सहा वर्षांची मंजी काउंटरला हनुवटी टेकवून उभी होती. तिने विचारलं, "आज्जी, मुलाखत कुणाची हाय?"

"आपलीच की ग."

पुढच्या नऊ दिवसांच्या तयारीत शकुबाईकडून झालेली चूक ती एवढीच. पण ती कळायला तिला हुमनाबादच्या पुढे जावं लागलं.

शकुबाई मूळची आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन निर्ण्याला आली. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण मराठी घरात, कन्नड बाजारात आणि हिंदी बसमध्ये अशा तिच्या तीन भाषा ठरलेल्या होत्या. नवरा वारल्यावर तिने कडक भाकऱ्यांचा धंदा काढला. ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापायच्या, भाजायच्या, चुलीच्या धगीला उभ्या करून पापडासारख्या कडक करायच्या आणि दहा-दहाच्या चवडी बांधून चिटगुप्प्याच्या बाजारात विकायच्या. महिनाभर टिकतात. प्रत्येक चवडीतली वरची भाकरी ती कानाशी धरून बोटाने ठोकते. टण्ण वाजली तर गिऱ्हाइकाला, नाही वाजली तर घरात. या कामावर तिने मुलाला उदगीरला मामाकडे ठेवून दहावीपर्यंत शिकवलं आणि टेम्पोचं लायसन काढून दिलं.

टेम्पो बालाजीने दहा वर्षं चालवला. अकराव्या वर्षी एका संध्याकाळी, गाडी भरधाव असताना, मोटारसायकलवरचा एक माणूस त्याच्या टेम्पोखाली आला आणि जागीच गेला. खटला तीन वर्षं चालला. यंदाच्या मार्चमध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली. "गावात लोक म्हणायचे, वकील बरोबर न्हवता," शकुबाई सांगते. "मी म्हणते, गाडी जोरात व्हती. वकील काय ब्रेक मारणार व्हता का?"

बालाजीची बायको विजयश्री गणवेश शिवायचं काम करते. दर महिन्याला ती एकदा नवऱ्याला भेटून येई. पोरीला न्यायचं तिच्या मनात नव्हतं आणि बालाजीच्याही नव्हतं. पण दसऱ्यानंतरच्या भेटीत त्याने आपणहून विषय काढला. मंजीचा आवाज कसा होता ते मला आठवंना झालाय, असं म्हणाला. विजयश्री घरी आली, मशीनवर बसली आणि दोन शर्टांना उलट्या बाह्या जोडल्या. ते पाहून शकुबाई म्हणाली, "मी नेते."

"न्या," विजयश्री म्हणाली. "पण आत्या, आधीच सांगते. पोरगी तिथं भ्याली, रडली, तर ही पहिली आन् हीच शेवटची. तिच्या डोळ्यात तो जेल ऱ्हायला नको. मग तेनी सुटून येईपर्यंत पुन्हा नाव काढायचं न्हाई."

"न्हाई रडणार."

"कशावरून?"

"मी नेणार हाय म्हणून."

असं म्हणाली खरी, पण रात्रीचं पीठ मळताना तिने पाणी जास्त घातलं. सुटकेला अजून दहा महिने होते. एक दिवस बिघडला तर पोरीला बाप दहा महिने दिसणार नव्हता आणि बापाला पोरीचा आवाज आठवणार नव्हता. तेव्हा तयारी अशी करायची की बिघडायला जागाच राहू नये, असं तिने ठरवलं.

पहिलं काम खरं सांगण्याचं. तोवर मंजीला "पप्पा कलबुर्गीला हायेत" एवढंच ठाऊक होतं. शकुबाईने तिला तव्यासमोर बसवलं. अवघड गोष्ट हात चालू असतानाच बोलावी, अशी तिची रीत आहे.

"तुझ्या पप्पानं गाडी लई जोरात चालवली. गाडीखाली एक मानूस गेला. म्हणून कोर्टानं त्याला कोंडून ठेवलाय. त्याला जेल म्हणतेत."

"तो मानूस मेला?"

"मेला."

"त्याला पोरगी हाय?"

"दोन पोरं हायेत."

मंजी बराच वेळ भाकरीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आज्जी, करपायली." आणि खरोखरच करपत होती.

दुसरं काम नियमांचं. त्यासाठी शेजारचे राघोबा होते. सत्तरीतले राघोबा फार पूर्वी उसाच्या दरासाठी रस्ता अडवला म्हणून तीन दिवस आत राहून आले होते, आणि तेव्हापासून तुरुंगाच्या बाबतीत निर्ण्यात त्यांचाच शब्द शेवटचा असतो.

"लोखंड चालत न्हाई," राघोबांनी सांगितलं. "पिन न्हाई, केसातला आकडा न्हाई, पैंजण न्हाई. मशीन बोंबलतंय. बटण बी नको."

"बटण न्हाई तर पोरीचा फ्रॉक काय डिंकानं चिकटवू?"

"नाडीचा शिवा. घरात मशीन हाय की."

विजयश्रीने गणवेशांच्या ढिगातून मान वर न करता विचारलं, "राघूकाका, तुमी गेला तवा कंचं मशीन होतं हो? चाळीस वर्सं झाली."

"मशीन नसंल, पण शिपाई व्हता. तो मशीनपेक्षा बोंबलायचा."

तरीही फ्रॉक नाडीचा शिवला गेला. पिवळा, हिरव्या नाडीचा.

तिसरं काम रंगीत तालमीचं. भेट काचेतून होते आणि बोलणं फोनवर, हे विजयश्रीला ठाऊक होतं. काचेपलीकडचा बाप पाहून पोरगी बिचकणार, हीच तिची खरी भीती होती. म्हणून शकुबाईने ओसरीच्या खिडकीला प्लास्टिकचा स्वच्छ कागद ताणून लावला. आतल्या बाजूला राघोबांना बसवलं, त्यांच्या हातात बंद पडलेला मोबाइल दिला आणि बाहेर स्टुलावर मंजीला दुसरा.

"हॅलो," राघोबा आवाज बारीक करून म्हणाले. "मी बालाजी बोलायलोय."

"खोटं," मंजी म्हणाली. "पप्पाला दात हायेत."

"जेलात पडले समज."

"मंग माझ्यासारखे नवे येतील की. तुमाला येत न्हाईत."

शकुबाईला हसू आवरेना. राघोबा मात्र भूमिकेत होते. "पोरी, बापाशी असं बोलतेत का? अभ्यास कसा चाललाय ते सांग."

यावर मंजी एकदम ताठ बसली, हाताची घडी घातली आणि घडाघडा म्हणाली, "माझं नाव मंजुश्री. वडिलांचं नाव बालाजी. गाव निर्णा. तालुका चिटगुप्पा. जिल्हा बिदर."

"शाब्बास!" शकुबाई म्हणाली. पोरगी धिटाईने बोलते आहे एवढ्यावरच ती खूश झाली. ती असं का बोलते आहे, हे विचारायचं तिला सुचलं नाही. राघोबांनाही नाही. मंजी त्यानंतर रोज तालमीला स्वतःहून स्टुलावर जाऊन बसायची, आणि शकुबाई विजयश्रीला म्हणायची, "बघ, भीती न्हाईच तिला."

सोळा तारखेला पहाटे शकुबाईने वीस कडक भाकऱ्यांचं गाठोडं बांधलं. शिजवलेलं आत घेत नाहीत, हे विजयश्रीने सांगून पाहिलं.

"घेत न्हाईत तर नगं घेऊ देत. पण आई रिकाम्या हातानं आली व्हती, असं नगं व्हायला."

राघोबांच्या नियमाप्रमाणे पदराला पिन नव्हती, त्यामुळे एका हाताने पदर, दुसऱ्या हाताने गाठोडं आणि पदराच्या टोकाला मंजी, अशी ती निघाली. पैंजणांवरून मात्र भांडण झालं. मंजी ते काढायला तयार नव्हती. शेवटी जेलच्या दारापर्यंत घालायचे आणि तिथे काढायचे, असं ठरलं.

चिटगुप्प्याहून हुमनाबाद आणि तिथून कलबुर्गीची बस. कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये बायकांना पैसे लागत नाहीत, पण कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. मंजीने आपलं तिकीट मागून घेतलं आणि फ्रॉकच्या खिशात ठेवलं. दोन्ही बाजूंना तुरी फुलल्या होत्या. हुमनाबाद मागे पडलं तशी मंजी खिडकीकडे तोंड करून पुटपुटू लागली.

"माझं नाव मंजुश्री. वडिलांचं नाव बालाजी. लाल, पिवळा, हिरवा. संडे, मंडे, ट्यूसडे..."

"काय करायलीस ग?"

"पाठ करायले. मदी बोलू नको, चुकतंय."

"कामून पाठ करायलीस?"

मंजीने आजीकडे असं पाहिलं, की एवढंही कळत नाही का. "मुलाखत हाय ना? मागच्या बारीला मी काहीच बोलले न्हाई. नापास झाले. मंग पप्पाला जावं लागलं. आता पास झाले की येतील."

शकुबाईच्या हातातला पदर सुटला.

तिला सगळं एकदम आठवलं. मार्चमध्येच बालाजी पोरीला चिटगुप्प्याच्या एका इंग्रजी शाळेत घालायला निघाला होता. शाळावाले इंटरव्यू म्हणत. पण बालाजी उदगीरला शिकलेला, तो ऐटीत "मुलाखत" म्हणे. पंधरा दिवस घरात एकच विषय होता. मंजीची मुलाखत, मुलाखतीचा फ्रॉक, मुलाखतीचे बूट. आणि ऐन वेळी शाळेतल्या बाईंनी नाव विचारलं तेव्हा मंजी शकुबाईच्याच पदरात तोंड खुपसून बसली. शाळेने नाही म्हटलं. त्यानंतर आठच दिवसांनी खटल्याचा निकाल लागला आणि बालाजी तुरुंगात गेला. दोन गोष्टी इतक्या जवळजवळ घडल्या की सहा वर्षांच्या पोरीने त्या एकमेकींना जोडून टाकल्या. आठ महिने ती तो जोड मनात घेऊन फिरत होती, आणि घरात कोणालाही पत्ता नव्हता.

शकुबाईला तुरुंगातल्या भेटीसाठी दुसरा शब्दच ठाऊक नव्हता. पिना काढल्या, बटणं काढली, खिडकीला कागद लावला आणि नेमका शब्द तेवढा तपासायचा राहिला. आता ही पोरगी काचेसमोर सगळं बिनचूक म्हणणार, आणि वेळ संपल्यावर बाप आत जाताना पाहणार. मग ती रडणार नाही तर काय करणार?

कमलापूरला बस पाच मिनिटं थांबली. लाल केळीवाल्या खिडक्यांशी आल्या. एरवी शकुबाईने डझनामागे दोन केळी जादा घेतली असती, पण आज तिने भाव विचारलासुद्धा नाही. बस सुटली तेव्हा ती बोलली.

"मंजे, हिकडं बघ. तुला कुणी सांगितलं, मुलाखत तुजी हाय म्हणून?"

"तूच. ईरण्णाकाकाकडं."

"मी चुकले. ही मुलाखत पप्पाची हाय. इचारायचं तू. सांगायचं त्यानं."

मंजीला हे पटायला वेळ लागला. आपण परीक्षा घेणाऱ्या बाजूला असू शकतो, हा विचार तिला नवा होता. मग तिचे डोळे बारीक झाले. "मंग पप्पा पास झाले तर घरी येतील?"

"न्हाई." शकुबाईला हे टाळता आलं असतं. तिने टाळलं नाही. "घरी यायचं मुलाखतीवर न्हाई. त्याची तारीख कोर्टानं लिहून ठेवलीय. पुढच्या साली गनपती उठले की यील. तू पास झालीस तरी तवाच, नापास झालीस तरी तवाच. शाळेचा आन् त्याचा काई संबंध न्हाई. त्यानं गाडी जोरात चालवली, येवढंच."

"मंग मुलाखत कशाला?"

शकुबाईने पदर सावरला. "तवर त्यानं इसरू नये म्हणून. आत काय बी नसतंय बघ. घर न्हाई, शेळी न्हाई, तू न्हाई. मानूस इसरतंय. म्हणून घरच्या मानसानं जाऊन इचारायचं, ध्यानात हाय का न्हाई."

मंजीने पाठ केलेलं सगळं सोडून दिलं आणि कलबुर्गी येईपर्यंत बोटांवर नवे प्रश्न मोजत बसली.

जेलच्या फाटकासमोर भागम्माची चहाची टपरी आहे. आत जाणाऱ्यांचे फोन आणि पिशव्या ती सांभाळते, नगामागे दहा रुपये. शकुबाईने फोन दिला, गाठोडं दिलं. पैंजण मंजीने स्वतः काढून दिले आणि बजावलं, "घालून बघू नका."

"माझ्या पायात कुठं शिरतात ग बाळे," भागम्मा म्हणाली. "पैसे येताना द्या, अव्वा. आधी आत जा. वेळ चुकली तर घेत न्हाईत."

फाटकाजवळच्या महिला पोलिसाने कागद पाहिला, आधार पाहिलं आणि एका हाताने पदर धरून उभ्या असलेल्या शकुबाईकडेही पाहिलं. "अज्जी, पदराला पिन लावा की. पाय अडकून पडाल."

"पिन चालतीय?"

"पिनला कोण नको म्हणतंय?"

"आमच्या गावात एक जण हाय," शकुबाई म्हणाली. "घरी गेले की त्याच्याकडं बघते."

काचेपलीकडे बालाजी आला तेव्हा त्याचे केस बारीक कापलेले होते आणि तो वाळला होता. शकुबाईने मंजीच्या पाठीवर हात ठेवला, पण ढकललं नाही. बालाजीने फोन उचलला. मंजीनेही उचलला. त्याचे ओठ हलायच्या आत तिने विचारलं,

"तुमचं नाव काय?"

बालाजी गोंधळला. त्याने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, सांग म्हणून.

"बालाजी."

"पोरीचं नाव?"

"मंजुश्री. मंजी."

"दोन्ही बरोबर. आपल्या शेळीचं नाव?"

"चांदी."

"चांदीचा कंचा कान फाटलाय?"

"डावा. बाभळीला अडकून."

"आज्जी भाकरी कशी बघती?"

बालाजीने बोट वाकवलं आणि काचेवर ठोकलं. फोनमधून टण्ण असं ऐकू आलं. शकुबाईने तोंड फिरवलं आणि भिंतीवरची कन्नड सूचना, वाचता येत नसताना, नीट वाचली.

"आता शेवटचा," मंजी म्हणाली. "माझे दात किती पडले?"

बालाजी विचार करू लागला. मार्चमध्ये एक हलत होता, ते त्याच्या लक्षात होतं. "एक."

"चूक!" मंजीने तोंड उघडून काचेला लावलं. "दोन! एक गनपतीत पडला, एक दिवाळीत. नापास. पुढल्या महिन्याला नीट पाठ करून या."

बालाजी हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे वाहू लागले. मनगटाने पुसले तरी थांबेनात. मंजीने त्याच्याकडे काळजीने पाहिलं.

"रडू नका. नापास झालं की येतंय रडू. मला बी आलं होतं." मग फोन दोन्ही हातांनी धरून तिने हळूच विचारलं, "तुमी माझ्यामुळं गेलात न्हाई ना? शाळेमुळं?"

बालाजीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो काचेच्या अगदी जवळ आला. "न्हाई ग माय. मी गाडी जोरात चालवली म्हणून. तुजं त्यात काई न्हाई. एवढुसं बी न्हाई."

"आज्जीनं पण असंच सांगितलं," मंजी म्हणाली. दोघांची उत्तरं जुळल्यामुळे तिचं समाधान झालेलं दिसलं. तिने फोन आजीकडे दिला.

"भाकरी आणलीस, आई?"

"वीस आणल्यात. भाईर भागम्माकडं हायेत. वास येतोय का बघ."

"येतोय," बालाजी म्हणाला.

वेळ संपल्याची हाक आली. बालाजी दारापर्यंत गेला, वळला आणि दोन बोटं वर करून दाखवली. दोन दात. मंजीने पास केल्यासारखी मान डोलावली, पण लगेच आजीला म्हणाली, "आता सांगून काय उपेग? येळ संपली."

बाहेर आल्या तर हुमनाबादची बस फाटकापुढच्या थांब्यावर लागलेली. भागम्माने फोन, गाठोडं आणि पैंजण शकुबाईच्या ओटीत टाकले आणि "पळा अव्वा, पळा!" म्हणून ओरडली. शकुबाई पळाली. बसमध्ये चढून दम घेताना तिने गाठोड्यातल्या दोन चवडी सोडल्या आणि ड्रायव्हर, कंडक्टर धरून अर्ध्या बसला भाकरी वाटली.

संध्याकाळी विजयश्री दारातच उभी होती. मंजी चांदीकडे पळाली, तशी तिने दबक्या आवाजात विचारलं, "रडली का?"

"न्हाई."

"खरं सांगा, आत्या."

"तुजा नवरा रडला. त्याची अट घातली न्हवतीस तू."

विजयश्री पायरीवर बसली. मग म्हणाली, "पुढल्या महिन्यात कंची तारीख घ्यायची?"

"ईरण्णाला इचारू. शनिवारची बघ, पोरीची अर्धीच शाळा बुडंल." शकुबाईने राघोबांच्या घराकडे पाहिलं. "आन् मला एक पिन दे."

ईरण्णाकडे १४ डिसेंबरची मुलाखत बुक झाली. मंजीने प्रश्न तयार केले आहेत. घाईत शकुबाईकडून भागम्माचे तीस रुपये द्यायचे राहिले आहेत: फोनचे दहा, गाठोड्याचे दहा, पैंजणांचे दहा.